फ्लेक्सवर कुठली आई लावायची?

सासूबाईंना जाऊन नऊ दिवस झाले, आणि त्या कशा होत्या हेच आम्हाला ठरवता येत नाहीये.

उद्या दहावं. गावच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागणार. पनवेलचा फ्लेक्सवाला सकाळपासून फोन करत होता की मॅडम, फोटो फायनल करा.

फोटो दोन आहेत.

एकात आई डोक्यावर पदर घेऊन, खाली बघत, कुणाच्या तरी लग्नात कोपऱ्यात उभ्या आहेत.

दुसऱ्यात कंबरेवर हात, पदर खोचलेला, एक भुवई वर. म्हणजे फुलाबाय.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. फुलाबाय ही एका सिरीयलमधली आगरी सासू. गळाभर सोनं, हातात झाडू, तोंडाचा पट्टा सदा चालू. दर एपिसोडला एकदा तरी कंबरेवर हात ठेवून विचारणार, "कोनाला काय अडचन हाय का?" की मागे धाडधाड म्युझिक.

मी डोंबिवलीची. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी याच सिरीयलच्या क्लिप्स पाठवून मला घाबरवलं होतं.

आणि इथे येऊन बघते तर आई इतक्या हळू बोलायच्या की मिक्सर चालू असला तर त्या बोलताहेत हेही कळायचं नाही. माहेर उरणजवळच्या करंजा बंदरातलं, मासळीच्या लिलावाच्या गोंगाटात वाढलेली बाई. तिथला सगळा आवाज बाकीच्यांनीच वापरून टाकला असावा.

त्या सिरीयलचा मला भयंकर राग. बाई आगरी आहे ना, मग भांडकुदळ. सासू आहे ना, मग डबल भांडकुदळ. त्यावर इथेच लांबलचक पोस्ट लिहिली होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेअरसुद्धा केली होती.

आणि आई? रोज टीव्हीसमोर बसून हसून हसून डोळ्यांत पाणी.

मग त्या फुलाबायची नक्कल करायला लागल्या. हळदीला, बारशाला बायका मागे लागायच्या, काकी, फुलाबाय करा ना. मला लाज वाटायची. हसणाऱ्यांची वाटायची, की आईंची, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

मग तो रविवार आला.

मुलगी झाल्यावरची माझी रजा संपत आली होती. सगळे जेवायला जमले होते. घरातले मोठे, म्हणजे माझे चुलत सासरे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी भात कालवता कालवता जाहीर केलं की सून आता घरीच बसेल. माझा नवरा ताटात बघत राहिला.

आई स्वयंपाकघरातून आल्या. हातातलं भांडं खाली ठेवलं. पदर खोचला, कंबरेवर हात.

"सून कामाला जाईल. पोरगी मी सांभालीन. कोनाला काय अडचन हाय का?"

अख्खी पंगत हसली. सगळ्यात जास्त काका हसले. आणि एकदा हसून झाल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

माझी नोकरी त्या बाईने वाचवली जिच्याविरुद्ध मी पोस्ट लिहिली होती.

नंतर एकदा भाजी निवडताना मी आईंना विचारलं, तुम्ही तुमच्या स्वतःच्या आवाजात का नाही बोललात?

त्या देठं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माज्या आवाजात तीस वर्सं बोलत व्हते, बाय. कोनी ऐकलं?"

मी पुढची जुडी सोडायला घेतली. तुम्ही काय बोलला असतात?

आता सगळ्या भावकीला फ्लेक्सवर फुलाबायवाला फोटो हवाय, खाली तो डायलॉगसुद्धा. नवरा म्हणतो, लोकांना तीच आई आठवते. मला ते सहन होत नाही. पण मग तो खाली बघणारा फोटो लावायचा? तोही कुठल्यातरी सिरीयलमधलाच वाटतो. सोशीक सून, सोशीक आई वगैरे. म्हणजे टीव्हीवर दोनच जागा, आणि आई दोन्हीकडे बसतात.

काल फोटो शोधताना मोबाइलमध्ये एक जुना व्हिडिओ सापडला.

आमची गच्ची. आई जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घालताहेत, कंबरेवर हात ठेवून स्वतःशीच नक्कल करताहेत. मी जिन्यातून गुपचूप शूट केलं होतं, गंमत म्हणून. वाऱ्यामुळे तेव्हा शब्द कळले नव्हते.

काल इअरफोन लावून ऐकलं.

आधी त्यांच्या त्या बारीक आवाजात, "सून कामाला जाईल." थांबल्या. स्वतःलाच म्हणाल्या, "नाय, असं नाय." मग कंबरेवर हात आणि जरा मोठ्याने, "सून कामाला जाईल." मग आणखी मोठ्याने. मग मी दिसले, तर तोंडावर पदर.

व्हिडिओ त्याच रविवारच्या सकाळचा आहे.

म्हणजे काका काय बोलणार ते त्यांना माहीत होतं. त्या माझ्यासाठी तालीम करत होत्या, आणि मी जिन्यात उभी राहून हसत होते.

मी खूप रडले. पण फोटोचं अजून ठरलं नव्हतंच.

शेवटी त्या व्हिडिओतलाच स्क्रीनशॉट पाठवला. हात कंबरेपर्यंत पोचलेला नाही, तोंड अर्धवट उघडं. फ्लेक्सवाला म्हणाला, "मॅडम, ब्लर हाय, कोन हाय ते कलनार नाय."

म्हटलं, आम्हालाही कळलेलं नाही. लावा.

खाली फक्त नाव लिहायला सांगितलंय. डायलॉग नको.

आणि हो. काल काकांनी पुन्हा विषय काढला. सासू तर गेली, आता पोरीला कोण बघणार, सुनेने घरी बसावं. नवरा पुन्हा ताटात बघत होता.

आज पहाटे मी गच्चीवर गेले होते.

मी कामाला जाणार आहे. कोणाला काही अडचण आहे का?

आवाज अजून नीट लागत नाहीये, आई. पण तालीम चालू आहे.

तुम्ही आता निवांत झोपा.