मेजरकडे पाठ करून

माझ्या मावशीने मनात आणलं तर ती चालू पिठाची गिरणीसुद्धा नुसते डोळे वटारून बंद करील, याबद्दल आमच्या घराण्यात दुमत नाही. पाचगणीच्या एका शाळेच्या वसतिगृहात तिने मेट्रन म्हणून उभी हयात काढली. निवृत्त होऊन ती वाईला राहायला आली, पण वसतिगृह काही तिच्यातून निघालं नाही. साताऱ्याला आमच्याकडे आली की जेवताना बडबड करणाऱ्याच्या ताटातली पोळी ती खुशाल उचलून घेते आणि दुपारच्या जेवणानंतर "लाइट्स ऑफ" म्हणत माझ्या बायकोच्या हातातला मोबाइल काढून घेते. एकदा घरी आलेल्या माझ्या साहेबांना तिने चहाआधी हात धुवायला पाठवलं. ते धुऊन आले आणि वर पंजे उलटसुलट करून दाखवलेही! मी बघतच राहिलो.

त्या वर्षी ती आली तेव्हा आमची गल्ली शेजारच्या सुभेदारांच्या कुत्र्यापायी पेटली होती. सुभेदार विधुर, एकुलता एक मुलगा फौजेत, तिकडे आसामच्या बाजूला. जाताना तो आपलं कुत्रं वडिलांपाशी ठेवून गेला होता आणि त्याचं नाव त्याने ठेवलं होतं मेजर. जन्मभर मेजरसमोर टाचा जुळवून उभे राहिलेले सुभेदार आता दिवसभर अंगणात येऊन "मेजर, गप बस!" म्हणून ओरडत, आणि मेजर आणखीच चेकाळे. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तर रोज फाटकाशी जाऊन तावातावाने भांडत. शेवटी गल्लीने निर्वाणीचं सांगितलं, दसऱ्यापर्यंत कुत्रं गप्प झालं नाही तर त्याला खंडाळ्याजवळ सुभेदारांच्या पुतण्याच्या रानात धाडायचं. सुभेदारांनी मान हलवली. "पोराला काय सांगू?" एवढंच ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण भुंकण्याने माझंही डोकं उठलं होतं, हेही खरं.

मावशीने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन ती थेट सुभेदारांच्या फाटकाला लागून, मेजरकडे पाठ करून, मेथी निवडत बसली. मेजर भुंकून भुंकून बेजार, मावशी ढिम्म. दम खायला तो क्षणभर थांबला, तशी तिने मागे वळूनही न बघता भाकरीचा तुकडा फाटकातून आत टाकला. मला वाटलं, मावशीला ऊन लागलं. तेवढ्यात सुभेदार ओरडत बाहेर आले आणि मावशीने त्यांनाच फैलावर घेतलं. "आवं सुभेदार, त्ये भुंकलं की तुमी भाईर येताय. मंग त्ये भुंकंल न्हाईतर काय करंल? गप असंल तवा या!" लगेच गल्लीलाही हुकूम सुटला. कोणी "हाड" म्हणायचं नाही, मेजरकडे बघायचं नाही आणि खिशात भाकरी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

मेजरचा खरा राग हेल्मेटवर आहे, हेही तिनेच हेरलं. मग काय, बँकवाल्या गृहस्थांना हेल्मेट घालून गल्लीच्या टोकापासून चालत यायला लावलं. मेजर भुंकला की माघारी. "पुन्यांदा जावा! पळताय कशापायी? सावकास!" "अहो, पण माझं बीपी..." "बीपीला बी सावकास येऊ द्या." उभ्या आयुष्यात बायकोचं न ऐकलेला हा माणूस भर उन्हात हेल्मेट घालून, हातात भाकरी धरून निमूटपणे येरझारा घालत होता! त्यांची बायको खिडकीतून बघून थक्क झाली, मीही झालो.

दसऱ्याला मेजर नुसती शेपटी हलवत बसला होता. सगळी गल्ली त्याच्यासमोरून सोनं वाटत गेली. मेजर राहिला, याचा सगळ्यांनाच आनंद झाला. चार दिवसांनी मावशी मोठ्या ऐटीत मला घेऊन सुभेदारांकडे गेली. ते ओसरीवर एकटेच बसले होते. "ताई, लय उपकार झालं तुमचं," ते म्हणाले, आणि जरा थांबून म्हणाले, "पर आता फाटकाशी कुनीच येत न्हाई बगा. आदी भांडायला तरी येत हुते." मी चरकलो. घरी येताना मावशी हळूच म्हणाली, "हॉस्टेलात समदं गप झालं की मला झोप लागायची. हितं माझं चुकलं रं."

दुसऱ्या दिवशी तिने गल्ली गोळा केली. "मेजरचं शिक्षान अर्धवट हाय. रोज सांजच्याला एकानं जाऊन, सुभेदारांपाशी बसून, हातानं भाकरी चारायची. न्हाईतर पुन्यांदा भुंकंल." एका थापेपायी पोरांना दिवसभर मैदानात उभं करणारी माझी मावशी चारचौघांत धडधडीत खोटं बोलली! त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. बँकवाले मात्र ताबडतोब म्हणाले, "सोमवार माझा."

गुडघ्यांमुळे मावशीला आता वाईहून येणं होत नाही. फोनवर विचारते, "संपलं का रं शिक्षान?" मी नाही म्हणतो. खरं काय ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. काल माझी पाळी होती. मेजर माझ्या पायाशी गाढ झोपला होता, भाकरी माझ्या हातातच होती, आणि सुभेदार मुलाच्या लहानपणीची एक हकिकत सांगत होते. ती मी आधीही ऐकली होती. "मग काय झालं?" असं मी विचारलं.