आबांच्या पिकअपच्या काचेचं रबर

गाड्यांच्या काचा आणि रबर विकणाऱ्या दुकानात कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. अहो, रबर बसवताना कापलेले तुकडे टोपलीत साचतात ना, तसे किस्से साचतात. जळगावात ट्रान्सपोर्टच्या गल्लीत नानांचं दुकान होतं आणि मी तिथे वीस वर्षं फिटर होतो. आज सांगतोय ते बहुतेक एकाच गाडीचं आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट धरा.

०

आधी नाना कसे होते ते ऐका. दाराच्या काचेचं रबर निवडायला त्यांना दहा-दहा मिनिटं लागायची. तुकडा नखानं दाबायचा, दुमडून तडा जातो का बघायचं, नाकाला लावून वास घ्यायचा. नरडाण्याचा एक ड्रायव्हर वैतागला. म्हणाला, "नाना, रबर घेताय का आंबा?"

नाना शांतपणे म्हणाले, "आंबा खराब निघाला तर फेकून देशील. हे दार तुला रोज लावायचंय."

तो ड्रायव्हर पुढे दुसऱ्या दुकानाची पायरी चढला नाही.

०

असोद्याचे आबा पहिल्यांदा आले ते केळी वाहायची जुनी पिकअप घेऊन. दोन्ही काचांच्या कडेचं रबर झडून गेलेलं आणि त्या फटींत केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट कोंबलेलं. मला हसू आवरेना. म्हटलं, "आबा, गाडीतही केळीच लावली का?"

आबा हसले नाहीत. आत त्यांची बायको, अक्का, नाकाशी पदर धरून बसल्या होत्या. त्यांना दमा. दर पंधरा दिवसांनी धुळ्याला, देवपुरातल्या डॉक्टरांकडे न्यावं लागायचं. डॉक्टर म्हणाले होते, धूळ टाळा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. आणि रस्ता तेव्हा जागोजागी उखडलेला, नुसता फुफाटा.

"एसटीची गर्दी तिले सोसत नाही," आबा म्हणाले. "हीच गाडी हाये. धूळ आत नाही आली पाहिजे, बस."

माझी मलाच लाज वाटली.

०

लाज वाटली, पण अक्कल काही आली नाही. नाना बाहेरगावी होते, म्हणून मीच मऊ स्पंजचं रबर बसवून दिलं. हाताला इतकं छान लागायचं की वाटलं, चांगलंच असणार. आपल्याकडच्या वैशाखात महिन्याभरात त्याचा पापड झाला. आबा परत आले ते तक्रार करायला नाही, "जरा बघता का" म्हणायला. अक्कांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि खोकल्याची उबळ थांबत नव्हती.

नाना मला एक शब्द रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सुभाष, आज ह्यांच्याबरोबर धुळ्याला जा. खिडकीशी बस."

संध्याकाळी परत आलो तेव्हा नाक, कान, डोळे मातीनं भरलेले. नानांनी हातात पाण्याचा तांब्या दिला. "आता निवड," म्हणाले. तोवर मी रबर नुसतं विकत होतो, निवडायला त्या दिवशी शिकलो.

०

निवडायचं म्हणजे कसं? नाना तोंडी माप घ्यायचेच नाहीत. जुन्या रबराचा चार बोटं तुकडा आणा म्हणायचे, आणि त्याची कापलेली बाजू नव्या रबराला लावून बघायचे. आबांकडे तुकडाच उरला नव्हता. मग आम्ही दाराची खाच मोजली, सात-आठ नमुने बसवून पाहिले. शेवटी एक दाट, काळं रबर जमलं. कापल्यावर आत भोकं नाहीत, दाबून सोडलं की लगेच पूर्ववत. काच वर करून नानांनी कडेकडेनं वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढली. कुठेही सहज सुटली नाही.

मग अक्कांना आत बसवून काचेवर दोन बादल्या पाणी ओतलं. नाना बाहेरून ओरडले, "थेंब आला का?" अक्का आतून नुसत्या हसत होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "काई म्हनत होते का तुम्ही?"

नाना त्या दिवशी पोराचं लग्न ठरल्यासारखे खूश होते.

०

दोन महिन्यांनी आबा पुन्हा हजर. रबर फुगून लिबलिबीत झालेलं. नाना बघतच राहिले. "आबा, ह्याला काय लावलं?"

"शेंगदाण्याचं तेल. पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावतो तसं. इतकी चांगली वस्तू तुम्ही दिली, मंग निगा नको राखाले?"

रबराला तेल म्हणजे विष. पण एवढ्या मायेनं लावलेल्या तेलाला नाव कसं ठेवणार? नानांनी पुन्हा तेच रबर बसवलं आणि सांगितलं, "तेल नको. पुसून अंगाला लावायची पावडर लावा."

अक्का आतून म्हणाल्या, "इतक्या वर्सात माझ्यासाठी डबी नाही आणली. आता दाराले आनतीन."

आबा खरंच लाजले. पुढच्या खेपेला दोन डब्या घेतल्याचं त्यांनी मला हळूच सांगितलं.

०

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. एकदा गाडी दुकानापुढे उभी होती आणि आबा समोर चहा सांगायला गेले होते. अक्कांनी आम्हाला जवळ बोलावलं. "नाना, हे रबर जरा ढिलं करून द्या."

नानांचा चेहराच पडला. "धूळ येते का आत?"

"नाही येत. मी बरी हाये. पन गाडीत आता चिडीचूप असतं. माझा श्वास ह्यायले ऐकू येतो. जरा घरघर झाली की गाडी उभी करतात. डोळा लागून मी गप झाली की अजूनच घाबरतात, नाकाशी बोट धरून बघतात. परवा धुळ्याले पोचाले चार तास लागले. माझ्यापायी ह्यायचा जीव थाऱ्यावर नाही."

रबर ढिलं करावं तर धूळ येणार. नानांनी दारावर बोटांनी ठोकून पाहिलं. मग त्यांनी मला आबांच्या बाजूच्या दाराचा आतला पत्रा उघडायला लावला आणि आतल्या पोकळीत दोन जुने नट टाकले. जन्मभर दारांचे आवाज बंद करणारा माणूस तो!

आबा आले, दार लावलं. खळखळ झाली. "नाना, हे काय?"

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "जुनी गाडी आहे आबा. चालायचंच."

मला वाटतं, नाना आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलले.

तीनेक महिन्यांनी आबा केळीचा घड द्यायला एकटेच आले. मी धसकून विचारलं, "अक्का?"

"घरी हाये, बरी हाये. आता गाडीत पार धुळ्यापर्यंत झोपते."

निघता निघता ते थांबले आणि नानांजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमचा एक नट मधी कुठीतरी अडकला होता नाना, आवाज कमी झाला. मी आखीन एक टाकला. तिले सांगू नका."