जेवणघरातली एरेना

रिपेकाच्या हातची वाम मासळी खाऊन तो गोरा चित्रकार गुबगुबीत झाला, हे आमच्या वाईपुना गावात कोणीही सांगेल. आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. हॅलम त्याचं नाव. तळ्याकाठची गावं हिंडत माणसांची चित्रं काढायचा. रिपेकाने त्याला घरात जागा दिली, रताळी भाजून घातली, त्याचे भिजलेले मोजे चुलीपाशी वाळवले. बाई विधवा, पदरात एकच पोर, एरेना. पण पाहुण्याला काही कमी पडू द्यायचं नाही हा तिचा खाक्याच होता, आणि नडला तोही तोच.

हॅलमने सगळा उन्हाळा मायलेकींना समोर बसवून चित्र काढलं. एरेना बसायची ती मिशनच्या बाईंनी दिलेला लाल चौकड्यांचा फ्रॉक घालून. त्या फ्रॉकचं तिला इतकं वेड, की झोपतानासुद्धा काढायची नाही. "हलू नकोस!" म्हणून हॅलम खेकसला, की कार्टी मुद्दाम नाक खाजवायची आणि आईकडे बघून फिदीफिदी हसायची. चित्र मात्र तो कोणाला दाखवायचा नाही. पुरं होऊ दे, म्हणायचा.

तो निघाला त्या दिवशी रिपेकाने पेटी उघडली आणि आजीची पिसांची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली. तिचा थोरला भाऊ रावीरी बघतच राहिला.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? आजीची शाल!"

"तो चित्र पाठवेल, दादा."

"तसं म्हणाला तो?"

"म्हणायला कशाला हवं? एवढी शाल अंगावर घेतलेला माणूस रिकाम्या हाताने बसून राहील होय? आणि मी तोंड उघडून मागू? देऊन वर मागणाऱ्यातली वाटले का मी तुला?"

रावीरीने पेटीचं झाकण लावलं. त्यानेही हेच केलं असतं. आमच्याकडे दिलेल्याची फेड पाहुणा आपणहून करतो, आणि दिलं त्याहून सरस करतो; त्याला आठवण करून देणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला हलकट म्हणणं. आता हॅलमला हे कोणी शिकवायचं? तो आपला खूश. भली माणसं आहेत, फुकट वाटतात, असं समजून शाल गुंडाळून चालता झाला.

हिवाळ्यात तापाची साथ आली. एरेना गेली. फ्रॉक अंगावर ठेवूनच तिला पुरली.

वाईपुनाच्या सभाघरात भिंतीवर गेलेल्या माणसांच्या तसबिरी आहेत. गावात कोणी आलं की आधी त्यांच्यापुढे उभं राहतं, त्यांच्याशी बोलतं, रडून घेतं; मग जिवंत माणसांची चौकशी. रावीरीने वडलांच्या फोटोशेजारी एक खिळा ठोकून ठेवला. "आपली एरेना इथे," तो म्हणाला. रिपेका रोज त्या खिळ्याकडे बघायची आणि टपालाच्या होडीची वाट बघायची. पोरीचा चेहरा मनातून पुसट होत चालला होता, आणि त्याची तिला भयंकर भीती बसली होती. "दादा, तिची हनुवटी कशी होती रे?" असं एकदा तिने विचारलं, तेव्हा तो दांडगा माणूस उठून बाहेर गेला.

होडी कित्येकदा आली. चित्र आलं नाही. मग एक दिवस हारिआता धापा टाकत आली. ही गावातलीच पोरगी, तळ्यापलीकडे प्रिंगलच्या हॉटेलात भांडी घासायची.

"मावशी, एरेना आमच्या हॉटेलात आहे! साहेबाने तिचं चित्र विकत आणलंय."

"कुठे लावलंय?"

हारिआताने मान खाली घातली. "जेवणघरात."

मेलेल्या माणसाच्या आसपास आमच्यात अन्नाचा कण फिरकू देत नाहीत. त्यांच्यापाशी रडून आलं, की आधी पाण्याने हात धुवायचे आणि मगच घास. आणि ही पोर टांगलीय कुठे, तर भाजलेल्या मटणावर!

रिपेका तशीच हारिआताबरोबर होडीने निघाली. जेवणघरात गोरे प्रवासी काट्याचमच्यांनी जेवत होते. समोरच्या भिंतीवर एरेना. हनुवटी तीच, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू तेच. पण फ्रॉक नव्हता! उघड्या खांद्यांवर आजीची पिसांची शाल होती, त्या मेल्याने नेलेली. आणि रिपेका तर चित्रात नव्हतीच. ती बसली होती तिथे त्याने एक कोरीव खांब रंगवला होता.

"खाली काय लिहिलंय गं?" तिने विचारलं.

"मावळत्या वंशाची शेवटची कळी," हारिआताने वाचलं. "म्हणजे आपण कोण, भुतं?"

पण रिपेकाचं लक्ष नव्हतं. तिच्या तोंडून साद निघाली, गेलेल्या माणसाला गावात आणतात तेव्हा बायका घालतात ती. मग ती भिंतीशी बसली आणि मोकळ्या गळ्याने रडली. काटे थांबले. आणि रडणं संपलं तेव्हा, काय सांगावं, त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी नाणी फेकली. ती घरंगळत तिच्या पायाशी आली. तिने पायाने ढकलून दिली.

ती प्रिंगलला म्हणाली, "पोर माझी आहे. घरी नेऊ द्या."

हारिआताने ते इंग्रजीत सांगितलं. प्रिंगल म्हणाला, चित्र मी विकत घेतलंय.

"मग निदान दुसऱ्या खोलीत लावा. जिथे कोणी खात नाही तिथे."

तो हसला. जेवणघराची शोभा जाते म्हणाला. "पण बाईला म्हणावं रोज ये. पाहुण्यांना फार आवडलं."

आणि ती रोज जाऊ लागली. लोकांनी तिला काय काय म्हटलं! पण आमच्यात पुरेपर्यंत मेलेल्याला क्षणभर एकटं सोडत नाहीत, आणि ही पोर पुरून झाल्यावर पुन्हा परक्यांत येऊन पडली होती. आईने तिच्याजवळ बसायचं नाही तर कोणी बसायचं? ती भिंतीशी बसायची, हळू आवाजात एरेनाला गावच्या गोष्टी सांगायची, रडायची. तिथल्या अन्नाचा कण तिने कधी तोंडात घातला नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. निघाली की तळ्यावर हात धुवायची आणि मगच होडीत बसायची.

रावीरीने तिला घराच्या दारातच गाठलं. "गोऱ्यांच्या ताटांपुढे भाड्याने रडतेस? लाज सोडलीस!"

"मी छदाम घेत नाही, दादा."

"ते गावाला काय ठाऊक? आपल्या मेलेल्यांचा तमाशा केलास तू!"

"मग आण ना तिला! खिळा ठोकून बसलायस. जा, आण!"

तो गेलाही. प्रिंगलने त्याला स्वयंपाकघराच्या दारातून हाकलला. त्यानंतर तो बहिणीशी बोलेनासा झाला. तिचा राग म्हणून नव्हे, स्वतःची लाज वाटली म्हणून.

मग एके संध्याकाळी रिपेका आत आली आणि जागच्या जागी थबकली. भिंतीवर एरेना नव्हती. तिथे शिंगं असलेलं हरणाचं मुंडकं होतं.

"सकाळच्या बग्गीने गेली, मावशी," हारिआता रडत म्हणाली. "लंडनच्या कोणी बाईने घेतली. मला कळलं तेव्हा बग्गी गेलेली होती गं."

प्रिंगल लगबगीने आला. खोली भरलेली होती. "तिला सांग, नेहमीसारखं रड म्हणावं. या पाहुण्यांना काय कळतंय?"

हारिआताने ते सांगितलं, कारण न सांगून करते काय.

रिपेकाने हरणाकडे पाहिलं. प्रिंगलकडे पाहिलं. मग तिने एक खुर्ची ओढली, सगळ्यांच्या मधोमध बसली, आणि समोरच्या गोऱ्याच्या ताटातला मटणाचा तुकडा हाताने उचलून खाऊ लागली. पाव घेतला, बटाटा घेतला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

"हे काय चाललंय?" प्रिंगल ओरडला.

"जेवतेय, साहेब," हारिआता म्हणाली. "आता इथे आमचं कोणी नाही."

पोटभर खाऊन रिपेका उठली आणि होडीत जाऊन बसली. त्या संध्याकाळी तिने तळ्यावर हात धुतले नाहीत. बोटांना मटणाचा वास घेऊन ती तशीच घरी गेली.