आण्णांच्या शर्टाचा वास

काल विश्रामबागेतल्या दुकानदारानं सुट्टे नाहीत म्हणून आंब्याची गोळी हातावर ठेवली. मी कागद सोडवला आणि त्या वासासरशी आण्णा आले.

आण्णा, माझे वडील, कुपवाडला गोळ्यांच्या कारखान्यात आंब्याचा इसेन्स मिसळायचे. संध्याकाळी त्यांच्याआधी त्यांचा वास घरात यायचा. आई शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, तरी तो जायचा नाही. आंब्याचा वास म्हणतात तो हाच, असं मला वाटायचं.

एका उन्हाळ्यात फलटणच्या मामानं पाटीभर आंबे आणले. एक हुंगून मी म्हणाले, "आण्णा, ह्याला तुमच्यासारखा वास न्हाई. ह्यो खोटा हाय!"

सगळे हसले. आण्णांनी तो आंबा घेतला, बराच वेळ नाकाशी धरला, देठाकडून पुन्हा हुंगला. मग हळूच आईला विचारलं, "ह्याला वास येतोय व्हय गं?"

आईचं हसू थांबलं. "आवं, लय येतोय की."

त्यांनी आंबा माझ्या हातात दिला. त्या इसेन्सनं त्यांचं नाकच नेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता दर उन्हाळ्यात आमच्या घरी आंब्यांचा घमघमाट असतो. त्यात आण्णा कुठंच नसतात. काल मात्र गोळी विरघळेपर्यंत मी दुकानाच्या पायरीवरून हलले नाही.