मनगटाची केस

नांदेडच्या मॅडमचा फोन आला तेव्हा लातुरात मी स्वतःचं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर काढून काही वर्षं झाली होती. मॅडम माझ्यासारख्याच रेडिऑलॉजिस्ट, वयाने आणि अनुभवाने माझ्याहून मोठ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मोठ्या शहरांत शिकणाऱ्या डॉक्टरांना इस्पितळांच्या फिल्म-लायब्ररी असतात. आपल्याकडे नांदेड, लातूर, उदगीर, हदगाव इथे एकेकटा माणूस बसून फिल्म वाचतो. अडला तर विचारायला शेजारी कोणी नसतं. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या कपाटातल्या केसेसचे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एका ठिकाणी ठेवायचे, म्हणजे कोणालाही उघडून पाहता येतील.

"नियम एकच," मॅडम म्हणाल्या. "शेवटी काय निघालं ते ठाऊक असलेलीच केस घ्यायची. नुसतं आपल्याला काय वाटलं, ते चालायचं नाही."

मी हो म्हणालो. उत्साह फारसा नव्हता, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

त्या काळात लातुरात जिकडे पाहावं तिकडे कोचिंग क्लासेस होते. माझ्या सेंटरसमोरच्या इमारतीत खाली झेरॉक्स, वर तीन मजले क्लास. रोज पहाटेपासून सायकलींची रांग लागायची. तिथे कॉम्प्युटर शिकवणारे एक सर होते. त्यांनी मुलांसाठी प्रश्नपेढी बनवली होती: पडद्यावर प्रश्न यायचा, मुलाने आधी आपलं उत्तर द्यायचं, मगच बरोबर उत्तर उघडायचं. मॅडम एकदा लातुरात आल्या तेव्हा मी त्यांना ती दाखवायला नेलं. त्यांनी उभ्या उभ्या दहा मिनिटं पाहिली आणि सरांना म्हणाल्या, "आम्हाला अस्संच पाहिजे. फक्त प्रश्नाच्या जागी फिल्म."

सरांनी ते दोन आठवड्यांत करून दिलं.

मग केसेस गोळा करणं आलं. खिडक्यांना जाड पडदे लावले, फिल्म मागून उजळणारा व्ह्यू बॉक्स आडवा ठेवला, वर स्टँडला डिजिटल कॅमेरा बांधला. फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव असायचं, त्यावर काळी चिकटपट्टी लावायची आणि फोटो काढायचा. माझ्या कपाटातलं दोन-तीन महिन्यांत संपलं. तेव्हा मला चाचांची आठवण झाली.

चाचा म्हणजे मी नुकताच शिकून आलो तेव्हा ज्या इस्पितळात लागलो, तिथले एक्स-रे टेक्निशियन. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघे तिथेच होतो. उजाडल्यापासून किल्लारीकडून जीपा, ट्रॅक्टर, टेम्पो येत राहिले. चाचा फिल्म काढायचे, धुवायचे आणि ओल्याच माझ्या हातात द्यायचे. वाळायला वेळ नव्हता. व्हरांड्यात उभं राहून, फिल्म आभाळाकडे धरून मी वाचायचो आणि पाकिटावर एक ओळ लिहायचो. किती वाचल्या ते मी मोजलं नाही. पुढे बरेच रुग्ण दुसरीकडे हलवले गेले आणि त्यांची पाकिटं मागे राहिली.

चाचा आता निवृत्त होऊन घरी असायचे. मी विचारलं तर आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी दाखवली. नेणारं कोणी न आलेली पाकिटं त्यांनी जपून ठेवली होती.

"रद्दीत काढायची म्हणून हुकूम निघाला होता साहेब," ते म्हणाले. "फिल्ममधली चांदी काढणारे आले होते न्यायला. पण कुणाकुणाचे हातपाय हायेत यात. मला देववलं न्हाई."

ती पेटी मी सेंटरवर आणली आणि रोज दुपारी थोडी थोडी पाहू लागलो. पाचव्या की सहाव्या दिवशी एका मनगटाचं पाकीट निघालं. बाई, वय अडतीस, गाव किल्लारी. खाली माझं अक्षर: फ्रॅक्चर नाही.

आत दोन फिल्म होत्या, एक समोरून काढलेली, एक बाजूने. समोरची पाहून कोणीही गाफील राहावं अशी होती. बाजूच्या फिल्ममध्ये मनगटाचं एक छोटं, चंद्रकोरीसारखं हाड कप कलंडावा तसं पुढे कलंडलेलं स्पष्ट दिसत होतं. ते हाड तसंच राहिलं तर मनगट आखडतं, आणि त्यापुढून बोटांकडे जाणारी नस दाबली जाते. शिकत असताना हे मी परीक्षेत लिहिलं होतं.

मी मॅडमना फोन केला. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "केस फार चांगली आहे. पुढे त्या बाईचं काय झालं?"

"माहीत नाही."

"मग घेता येणार नाही."

फोन ठेवल्यावर मला थोडं बरं वाटलं, हे लिहायला हवं. दोन दिवस ते बरं वाटणं टिकलं. तिसऱ्या दिवशी मी चाचांना घेऊन किल्लारीला गेलो.

गाव आता नव्या जागी होतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. चाचांनी स्टँडवरच्या जीपवाल्यांना पाकिटावरचं नाव सांगितलं आणि तिसऱ्या माणसाने घर दाखवलं. बाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगट वाकडं. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. पुढे बोलताना कळलं की त्या बोटांना तवा लागलेला कळत नाही.

मी कोण ते सांगितलं. म्हणालो, "भूकंपाच्या वेळी तुमच्या हाताचा फोटो मी पाहिला होता. हाड मोडलं नाही असं लिहिलं. ते चुकलं माझं. हाड जागचं सरकलं होतं."

तिने हाताकडे पाहिलं. "सरकलं व्हय. आनि दिसलं असतं तर?"

"तेव्हाच बसवता आलं असतं. हात बराच चांगला राहिला असता."

ती जरा वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी माझं ध्यान हाताकडं न्हवतंच, डाक्टर. धाकटं लेकरू सापडायचं होतं."

चाचांनी विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. दोन दिसांनी."

आतून थोरल्या मुलाची बायको चहा घेऊन आली. चहा झाल्यावर मी कामाचं बोललो. तिच्या हाताच्या फिल्म डॉक्टरांना शिकवायला वापरू का, नाव झाकून ठेवू.

"नाव कशापायी झाकता? मी काय चोरी केली का?"

"सगळ्यांचंच झाकतेत ताई," चाचा म्हणाले. "कायदाच हाय तसा."

"डाक्टरचं पन झाकता का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही डॉक्टरचं नाव झाकत नव्हतो. ते लिहायचंच नाही असा आपोआप पडलेला रिवाज होता. मी म्हणालो, "माझं लिहीन."

"मग दावा," ती म्हणाली.

संग्रह पहिल्यांदा सगळ्यांना दाखवला तो समोरच्याच क्लासच्या हॉलमध्ये, रविवारी, कारण प्रोजेक्टर तिथेच होता. दोन्ही जिल्ह्यांतले रेडिऑलॉजिस्ट मुलांच्या अरुंद बाकांवर अवघडून बसले होते. बहुतेकांनी दुर्मिळ केसेस आणल्या होत्या, नीट ओळखलेल्या. माझी मनगटाची समोरची फिल्म पडद्यावर आली तेव्हा पुढच्या बाकावरचे एक ज्येष्ठ डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "नॉर्मल." मागून दोघा-तिघांनी मान डोलावली. मग बाजूची फिल्म आली. मग पाकिटावरचं माझं वाक्य, आणि त्याखाली माझं नाव.

थोड्या वेळाने तेच ज्येष्ठ म्हणाले, "हे असलं लिहून ठेवणं म्हणजे वकिलांना आयतं देणं आहे. काढून टाका."

"तुम्ही आत्ता काय म्हणालात ते आम्ही लिहिलेलं नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

काही जण हसले, ते हसले नाहीत. पुढे त्यांनी एकही केस पाठवली नाही. पण महिन्याभरात उदगीरच्या एकांनी आपली चुकलेली छातीची फिल्म पाठवली, नावासकट. मग जळकोटहून एक आली. मॅडमनी अशा चुकलेल्या केसेसचा वेगळा कप्पा केला. त्याला काय म्हणावं यावर फोनवर बराच वाद झाला. शेवटी 'पुन्हा पाहिलेल्या फिल्म' असं ठरलं. रेडिऑलॉजी शिकणारी मुलं तोच कप्पा आधी उघडतात, असं मॅडम मला सांगायच्या. त्या कप्प्यात पुढे माझ्या आणखी तीन केसेस गेल्या.

दरम्यान त्या बाईला मी लातुरात हाताच्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की मनगट आता सरळ व्हायचं नाही, पण नस मोकळी करून पाहू. शस्त्रक्रियेनंतर दुखणं कमी झालं. काही महिन्यांनी अंगठ्याला थोडं कळू लागलं, दोन बोटांना मात्र नाही. तिला वाईट वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. "आंगठा आला, लई झालं," एवढं म्हणाली.

वर्ष झाल्यावर मी तिला शेवटच्या तपासणीला बोलावलं. ती आली नाही. सोयाबीनची काढणी चालू आहे, असं सुनेने फोनवर सांगितलं. आणखी दोनदा फोन केला, मग थांबलो. केसच्या खाली पुढच्या नोंदीसाठी जागा होती. तिथे मी तारीख घातली आणि लिहिलं: रुग्ण तपासणीस आल्या नाहीत, कामात आहेत.