दोन देशांनी तपासलेला पाय

चौथीच्या मुलांना गुणाकार शिकवत होते आणि टेबलावर फोन थरथरत होता. दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पमीच्या शेजारची शांताबाई म्हणाली, "म्याडम, पमीनं चहा मांगतला होता. मी चहा घिऊन आली, त गेली होती." मी मुलांना पुढचं गणित घातलं. त्यांनी ते सोडवलं, मी वह्या तपासल्या, चुकांवर लाल खुणा केल्या, आणि मगच निघाले. तसं का केलं, ते आज सहा आठवड्यांनीही मला सांगता येत नाही.

प्रमिला, म्हणजे पमी, आणि मी कामरगावच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर बसलो. तिचा डावा पाय वयाच्या दुसऱ्या वर्षीच पोलिओनं नेला होता. दहावीनंतर मी डी.एड.ला गेले आणि ती हातानं फिरवायच्या शिलाई मशीनवर बसली. अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडे. तोंड फटकळ. "गळा घट्ट झाला" अशी तक्रार घेऊन आलेल्या पाटलीणबाईला तिनं तोंडावर सांगितलं होतं, "मान बारीक करून या." तिच्या आईनं दुसऱ्यांच्या वावरात मजुरी केली, पमीनं मशीन फिरवलं, आणि दोघींनी मिळून धाकट्या विजयला इंजिनिअर केलं. तो परदेशी गेला, तिथेच स्थिरावला. त्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कुटुंब अजून तिथे आहे.

पमीला अपंगांचं सरकारी अनुदान मिळायचं. रक्कम ती काय, पण त्याचा तिला मान वाटे. म्हणायची, "हे माह्या पायाची कमाई हाय. या पायानं मले दुसरं देलं काय?"

आई गेली तेव्हा विजय आठ दिवस आला. तेराव्या दिवसाचं वगैरे त्यांच्यात काही नसतं, बुद्धविहारात वंदना झाली, पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, आणि संध्याकाळी ओट्यावर तो म्हणाला, "ताई, आता एकटी कायले राह्यतं? माह्याकडं चाल. कायमची." त्याच्या बायकोला पाचवा महिना होता. तेही त्यानं त्याच बोलण्यात सांगितलं. दोन्ही गोष्टी मी एकत्रच ऐकल्या आणि तरी पमीला म्हटलं, जा.

अनुदानाचं काय करायचं, हा प्रश्न तिनेच काढला. विजय म्हणाला, "राहू दे चालू. कोन पाहाले येते?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरीण. मी म्हटलं, "इथं राहायचं नाही आणि पैसे घ्यायचे, हे चूक आहे पमे. उद्या अंगावर येईल. बंद करून जा." अर्ज मीच लिहिला, माझ्या वळणदार अक्षरात. 'यापुढे मला या अनुदानाची आवश्यकता नाही' हे वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. ते मला सुचलं, चांगलं वाटलं, मी घातलं. तालुक्याच्या कार्यालयातला बाबू हसला, "बाई, लोक मेल्यावर बी बंद करत नाईत, तुमी जित्तेपनी कायले करता?" पमीनं सही केली आणि पोच मागून घेतली.

तिकडून ती रविवारी फोन करायची. बर्फ दाखवायची. मुलगी झाली, तारा. तीन महिन्यांत भावजय कामावर गेली आणि तारा पमीच्या हातात आली. न्हाणं, मालीश, भरवणं, झोपवणं, सगळं. कपडे धुवायच्या मशीनशेजारी एक खोली होती, तिथे दोघी झोपत. पमी तक्रार करत नसे. "इकडं कपडे वायू घालाचंच काम नाई, मशीनच सुकवते," एवढंच सांगायची. ताराला वऱ्हाडी येतं, याचा तिला फार आनंद. 'मले दे' म्हणते म्हणाली.

तारा दीड वर्षाची झाल्यावर पमीला तिथे कायम राहण्याची परवानगी मिळावी म्हणून तिकडच्या डॉक्टरांची तपासणी झाली. फार गोड बोलले म्हणे. पाय हलवून पाहिला, फोटो काढले. मग पत्र आलं. विजयनं वाचलं आणि म्हणाला, "ताई, नाई म्हनले."

"पुरं वाच," पमी म्हणाली.

त्यानं वाचलं. वय वाढेल तसा हा पाय बिघडेल, उपचार आणि मदत लागेल, तो भार या देशाच्या लोकांवर टाकता येणार नाही. पमी मला फोनवर म्हणाली, "सुनंदे, म्या त्यायची एक गोळी बी खाल्ली नाई अजून." मग म्हणाली, "विजू म्हने, असंच होईन हे त्याले पयलेच मालूम होतं."

या निर्णयाविरुद्ध दाद मागता येत होती. पण तसं केलं तर विजयच्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या कागदांवर प्रश्न येतील, असं त्याला वाटलं. शिवाय ताराचा पाळणाघरात नंबर लागला होता. पमी निघाली त्या सकाळी ताराला शेजाऱ्यांकडे पाठवलं, रडारड नको म्हणून.

इकडे परत आल्यावर मीच तिला त्या कार्यालयात घेऊन गेले. बाबू तोच. त्यानं माझा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "तुमीच लिहून देलं ना, आवश्यकता नाई म्हनून?" पमी माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. नवा अर्ज हवा, त्याला अपंगत्वाचं नवं प्रमाणपत्र हवं, जुनं हातानं लिहिलेलं चालत नव्हतं. मग सरकारी दवाखान्यात तपासणी. रांगेत कुणीतरी बोललं की बाई परदेशातून आली. तरुण डॉक्टर हसला, "विमानानं फिरता काकू, आणि इथं रांगेत?" पाय पाहायला त्याला दोन मिनिटं लागली. अडतीस टक्के. अनुदानाला चाळीस लागतात.

पमी उठली नाही. म्हणाली, "तिकडच्या डाक्टरायनं मले इतकी लंगडी ठरवली का देशात ठेवाले जमत नाई. तुमी म्हनता, लंगडीच नाई. दोघं एकडाव फोनवर बोलून घ्या ना, सायेब." रांग हसली. डॉक्टरनं पुढच्या माणसाला हाक मारली.

फेरतपासणीला ती एकटी गेली. माझ्या शाळेत परीक्षा होती; सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. परत येताना कामरगावच्या थांब्यावर बसच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. पाठीला जखमा झाल्या. मी जखमा धुवायचे, ती भिंतीकडे तोंड करून बोलायची. "आता त शंभर टक्के झाली असन. बलाव त्याले मोजाले." एकदा मी म्हटलं, तो अर्ज मी लिहायला नको होता. ती म्हणाली, "अक्षर चांगलं होतं तुह्यं." त्यात क्षमा होती की टोमणा... दोन महिन्यांत छातीत पाणी झालं आणि ती गेली.

विजय येऊ शकला नाही. अंत्यविधी फोनवर पाहत होता, रडत होता. फोन माझ्या हातात होता. कुणीतरी म्हणालं, आता बंद करा म्याडम. मी बंद केला नाही. चिता चांगली पेटेपर्यंत फोन तिकडेच धरून ठेवला. "सुनंदाताई, बस करा," तो म्हणत होता. मला ऐकू येत होतं.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला, मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी होती म्हणून. मागे खोलीत तारा दिसली, आता तीन वर्षांची. ती खेळणं घ्यायला पलीकडे निघाली आणि मी त्याचं बोलणं ऐकायची थांबले. पोरीनं डावा हात गुडघ्याच्या वर दाबला, कंबर थोडी कलती केली, आणि पाय ओढत एकेक पाऊल टाकत गेली. चालायला शिकताना तिच्या डोळ्यांसमोर दिवसभर पमीच तर चालत होती.

"डॉक्टरले दाखोलं," विजय खालच्या आवाजात म्हणाला. "पायात काईच नाई म्हनते. सवय हाय. ती मोडून राह्यलो."

आतून भावजयीचा आवाज आला, "तारा, हात काढ!"

पोरीनं हात काढला. सरळ दोन पावलं टाकली, दाराकडे पाहिलं, आणि हात पुन्हा तिथेच ठेवला.