शिवलिंगबुवा गप्प असताना

गाणाऱ्या माणसाच्या घरी किस्से धुळीसारखे साठतात. झटकावेत म्हटलं तर जास्तच उडतात. दिंद्रुडच्या शिवलिंगबुवांच्या मागं मी बावीस वर्षं तबल्याला बसलो, म्हणून लोक मलाच विचारायला येतात. बुवांनी गाऊन दिवे लावले, नाग डोलवला, यातलं मी काही पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते याहून साधं आहे. पण तेच मला अजून पचलेलं नाही.

*

बुवांचा रियाज गावाबाहेरच्या बारवेत चालायचा. ते पार खाली, पाण्यालगतच्या पायरीवर बसत, मी वर. वरून मला त्यांची पाठ तेवढी दिसायची. बारव आवाज परत देते, त्यात नवल नाही. एका सकाळी घसा बसलेला असतानाही त्यांनी षड्ज लावला. तो संपेचना. मला काळजी वाटली. वरूनच म्हणालो, "बुवा, बास करा आता."

त्यांनी मागं वळून पाहिलं. गालात पाण्याचा घोट होता. तो गिळून ते म्हणाले, "मी कवाच थांबलोय. त्याचं होऊ दे."

*

एकदा तबकडी भरायला हैदराबादला गेलतो. तेव्हा गाणं संपलं की गवयानं कर्ण्यात स्वतःचं नाव सांगायची रीत होती. बुवा नाही म्हणाले. मशीनवाल्यानं लई विनवलं, तरी गाणं संपल्यावर बुवा तोंड मिटून बसले. मी शेजारीच होतो.

पुढं ती तबकडी बीडला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या बंगल्यावर आली. साहेब गाण्याचे शौकीन. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि ती लावली. गाणं संपलं, जरा खरखर झाली, आणि कर्ण्यातून स्पष्ट नाव आलं. आवाज बुवांचा होता. नाव त्यांच्या गुरूंचं होतं. गुरू जाऊन तेव्हा बारा वर्षं झालेली.

साहेब गोंधळून बुवांकडं बघायला लागले. बुवा म्हणाले, "बरोबर हाय. गाणं त्यांचंच होतं."

*

मग विषमज्वरात बुवांचा आवाज गेला. बोलणं पुटपुटल्यासारखं, गाणं तर सोडाच. वर्षभर ते रोज सकाळी तंबोरा मांडीवर घेऊन नुसते बसत. ओठसुद्धा हलत नसत. मी मांडीवर बोटांनी ठेका धरायचो, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का आत भाकरी थापत असत. गाणं त्या कधी शिकल्या नव्हत्या. एके दिवशी त्यांचं थापणं मध्येच थांबलं. पिठाच्या हातानं त्या दारात आल्या.

"आज अंतरा कावून सोडला?"

बुवांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तंबोरा खाली ठेवला आणि ते रडले. नंतर मला म्हणाले, मनातल्या मनात गात होतो, आणि अंतऱ्याचे शब्द आठवेनात.

पुढच्या महिन्यात आवाज परत आला.

*

आणि ते प्लेगचं वर्ष. आम्ही परळीला वैजनाथाच्या उत्सवात होतो. आठ दिवसांनी परतलो तर गाव रिकामं. वेशीवर राखणीला बसलेल्यानं सांगितलं, सगळे शेतात खोपी घालून राहिलेत, अक्का सुखरूप आहेत. पण उद्या सरकारी माणसं घरं उघडून धुरी देणार होती, आणि त्या धुरात खराब होईल असा बुवांचा जुना तंबोरा घरातच होता. भर दुपारी आम्ही मागच्या बाजूनं घरात शिरलो.

बुवांनी तंबोरा खुंटीवरून काढला आणि सवयीनं छेडला. भिंतीपलीकडून आवाज आला, "पंचम उतरलाय."

शेजारचा सोपान सुतार. त्या तंबोऱ्याची दुरुस्ती कायम त्याच्याच हातची. बुवांनी तंबोऱ्याची खुंटी पिळली. "आता?"

"आता लागला."

"सोपाना, तू इथं कावून थांबलास? चल आमच्यासंगं."

त्याला सोबत घ्यायला आम्ही निघालो. बाहेर येऊन पाहिलं तर त्याच्या दाराला बाहेरून कुलूप. माणूस आत कोंडलाय म्हणून मी दगडानं ते फोडलं. आत कोणी नव्हतं. चुलीतली राख थंड होती.

तंबोरा घेऊन आम्ही तसेच शेताकडं पळालो. शेवटच्या खोपीत सोपान तापानं फणफणत पडला होता. त्याची बायको म्हणाली, चार दिवस झाले, इथून हलला नाही, एक शब्द बोलला नाही.

बुवा त्याच्या उशाशी बसले. सोपानानं डोळे उघडले. आमच्याकडं नाही, तंबोऱ्याकडं पाहिलं.

"खुंटी लई ताणू नका, बुवा," तो म्हणाला. "तार जुनी हाय."